हलकं झालेलं इंजिन

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी चार दिवस आधीच सासरी गेलो आणि ओसरीत बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. नुसता वाकलो नाही, चांगलं टेकवून ठेवलं, वर "मामाजी, बरे आहात ना?" असंही विचारलं. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, "सुखी राय बाबू, लेकरंबाळं होवो" असा तोंडभर आशीर्वाद दिला, आणि मी उठून पाहतो तर खरे सासरे गोठ्याकडून हात पुसत येत होते. ज्याच्या पाया पडलो तो बैलांचा दलाल होता. गोऱ्हा पाहायला आला होता.

तुम्ही म्हणाल, स्वतःचा सासरा ओळखू येत नाही? तर लग्नात मी त्यांना पाहिलं ते फेट्यात, अक्षता आणि घामाच्या धारांतून. धोतर-टोपीतला माणूस बाजेवर बसला की तो सासराच, असा माझा हिशोब.

घरात कुणी हसलं नाही. हसले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण आमच्या भागात जवाई म्हणजे पाहुणा नाही, दोन दिवसांचा देव असतो, आणि देवाला कोण हसणार? सासूबाईंनी पदर पुढे ओढला. साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, एकाएकी काही आठवल्यासारखा गोठ्यात शिरला. सासरे म्हणाले, "या, या जवाईबापू. पानी द्या वं पायावर." बायको आधीच माहेरी आलेली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. ते पाहणं मला चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर गिळावं लागलं.

म्हणजे गावात पाय ठेवल्या ठेवल्या इज्जत गेली होती, आणि ती परत कमवायची होती. पुढचं सगळं त्यातून झालं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सासर वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीजवळच्या एका खेड्यात. घरची कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती, पण जीव सगळा संत्र्याच्या बागेत. संत्र्याचं एक असतं: आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं. ताण द्यायचा. पानं मलूल होतात, कडेनं वळायला लागतात, झाड मेलं की काय असं वाटतं, आणि मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की ते घाबरल्यासारखं फुलतं. पाणी लवकर दिलं तर फूल येत नाही. उशीर झाला तर पानगळ होते, डहाळ्या वाळतात, आणि सासऱ्यांची जमीन मुरमाड, ताण लवकर खाणारी. वर्षभराची कमाई त्या चार-सहा दिवसांवर टांगलेली असायची.

आणि विहिरीवर होतं एक जुनं डिझेल इंजिन.

चहा पिता पिता सासरे साळ्याला म्हणाले की इंजिन धूर फार सोडतं, तेल खातं, संक्रांत झाल्यावर आर्वीच्या मिस्तरीला बोलवावं.

"मिस्तरी कायले?" मी म्हणालो. "मी आहे ना."

मी वर्ध्याला इंजिन-पंपाच्या एका दुकानात कामाला होतो, हे खरं. पण कामाला म्हणजे बिलं फाडायला आणि फळीवरून सामान काढून द्यायला. पिस्टन, रिंगा, नोझल, व्हॉल म्हणजे व्हॉल्व्ह, सगळ्यांची नावं मला पाठ होती. कुठल्या इंजिनाला कुठली रिंग, हे मी झोपेत सांगितलं असतं. ती रिंग आत जाऊन काय करते, हे मात्र मी मिस्तरी लोकांच्या तोंडून उडत उडत ऐकलेलं. डोळ्यांनी उघडं इंजिन पाहिलं होतं ते दुकानातल्या कॅलेंडरवर, उभं कापून रंगवलेलं.

"रिंगा गेल्या असतील. व्हॉल घासून देऊ. इंजिन नवं होऊन जाईल," मी म्हणालो.

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "पन पानी सोडाचं हाय संक्रांतीले."

"त्याच्या आत होते."

"चालू तं हाय ना आता," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, हवेशी बोलत होती. "चालू हाय त्याले कायले हात लावाचा?"

"तू गप राय वं," सासरे म्हणाले. "जवाईबापूले त्यातलं समजते."

असं ते धडधडत चालणारं इंजिन मी उघडलं.

विहिरीवर माझ्यासाठी बाज टाकली, बाजेवर गोधडी, वर उशी. मला फार काही करू देत नव्हते. सासूबाईंनी सक्त ताकीद दिली होती, "जवायाच्या हाताले घट्टे पडू देजा नोको." त्यामुळे कामाची वाटणी अशी पडली: पाना धरून नट फिरवणं, घासणं, पाहून मान हलवणं हे डोक्याचं काम, ते माझं. उचलणं, ओढणं, हँडल मारणं ही हमाली, ती साळ्याची आणि त्याच्या दोन चुलतभावांची. साळा आर्वीहून रिंगा घेऊन आला. मी पाव इंच चिखल काढावा तशा तन्मयतेनं व्हॉल घासले. घासत गेलो, घासत गेलो. मला तेवढं एकच काम नीट येत होतं, म्हणून तेच जास्त केलं. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. कुणी विचारी, "कोन हाय?" साळा सांगे, "भाऊजी हाय. वर्ध्याचे. इंजिनवाले." मी त्या वेळी मुद्दाम एक डोळा मिटून व्हॉल उन्हाकडे धरायचो.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी इंजिन जोडून तयार. पुसून लखलखीत केलेलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर तिळाचा लाडू ठेवला, साळ्यानं नारळ फोडला. बागेत आळ्यांभोवती पाण्याचे दांड कोरून ठेवलेले होते. शेजारच्या बागांतून इंजिनांचा आवाज येत होता. त्यांचं पाणी सुटलं होतं. झाडांची पानं आमच्याकडे चुण्या पडल्यासारखी.

"मारा हँडल," मी गोधडीवरून आज्ञा केली.

अशा इंजिनाला एक लिव्हर असते. ती उचलली की हँडल मोकळं फिरतं; जोरात फिरवायचं आणि वेग आला की लिव्हर पाडायची. मग इंजिन दम धरतं आणि सुरू होतं. साळ्यानं हँडल मारलं. गरगर फिरवलं. लिव्हर पाडली. इंजिन म्हणालं, "फस्." आणि फिरत फिरत गप झालं.

"वा!" साळा म्हणाला. "भाऊजी, लय हलकं केलं हो तुम्ही! पहिले तं पार जीव काढे."

"खरं काय? मले पाहू दे," म्हणून चुलतभाऊ पुढे आला. त्यानंही फिरवलं. "अरे, सायकलवानी फिरते!"

मी मान डोलावली. रिंगा नव्या, तेल नवं, हलकं होणारच. सुरू नाही झालं ते हवा धरल्यामुळे, मी म्हणालो. हवा काढली. पुन्हा हँडल. फस्. मग म्हणालो नोझल. नोझल काढून पाहिलं, फवारा चांगला येत होता, पुन्हा लावलं. फस्. मग डिझेलमध्ये पाणी आहे म्हणालो. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून सगळं डिझेल गाळून घेतलं. फस्. मग थंडीमुळे होतंय म्हणालो. तेलात भिजवलेली चिंधी पेटवून हवेच्या तोंडापाशी धरली. इंजिनानं धूर ओढून घेतला, जरा खोकल्यासारखं केलं, आणि चुलतभावाच्या भिवया जाळल्या.

दर वेळी नवा माणूस हँडल मारायला यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "लय हलकं झालं बुवा." ते शब्द माझ्या कानाला इतके गोड लागत होते की त्यांचा अर्थ काय हे विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही.

दुपार टळली. लोक पांगले. मी पाना गोधडीवर ठेवून घरी आलो. संध्याकाळी तीळगूळ, पुरणपोळी, तुपाची वाटी. सासरे आग्रह करकरून वाढत होते. मी ताटात पाहून खात होतो.

"उद्या पाहू," मी म्हणालो.

"उद्या कर हाय," सासूबाई म्हणाल्या. "करीच्या दिवशी नवं काही सुरू नाई करत."

आयुष्यात मला कर पहिल्यांदा आवडली.

कर गेली. तिच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बाज, पुन्हा गोधडी, पुन्हा फस्. मी फिल्टर उघडला, पाइप उघडले, जे उघडता येत होतं ते सगळं उघडलं आणि तसंच लावलं. सासऱ्यांना एकदा हळूच म्हणालो, "मामाजी, आर्वीच्या मिस्तरीले बोलवाचं काय?"

"कायले?" ते म्हणाले. "तुमी हाय ना. होईन. लोखंडाची वस्तू हाय, रुसते कधी कधी."

ते मिस्तरीला का बोलवत नव्हते हे मला समजत होतं. मिस्तरी आला असता तर गावात झालं असतं, जवायानं इंजिन बिघडवलं. शेजाऱ्याला चार तास पाणी मागितलं असतं तरी तेच. माझं नाव राखण्यासाठी हा माणूस आपली झाडं वाळवत होता आणि मला तूप वाढत होता. हे समजत होतं, आणि तरी मी "माझ्यानं होत नाही" एवढं वाक्य बोललो नाही. जेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोटानं जागं केलं. एवढे तीळ माणसानं खाऊ नयेत. टमरेल घेऊन शेताकडे निघालो. घरात कुणाची चाहूल नव्हती, मला वाटलं सगळे झोपलेत. बागेजवळ आलो तर कुरकुर आवाज. लाकडी चाकाचा. मी पऱ्हाटीच्या आडोशाला थांबलो.

विहिरीच्या एका अंगाला इंजिन होतं आणि दुसऱ्या अंगाला जुनी धाव, इंजिन येण्याआधीची, बैलांनी मोट ओढायची. गोठ्यात वर्षानुवर्षं टांगलेली पत्र्याची मोट आज विहिरीत उतरत होती. सासरे बैलांमागून धावेवरून खाली जात होते, डोक्याला मफलर, एका हातात कासरा. साळा मोट ओतून घेत होता. आणि दांडाच्या टोकाला, साडी गुडघ्याशी खोचून, हातात फावडं घेऊन, एका आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात वळवत होती ती माझी बायको.

पहिल्या ओळीतली झाडं भिजलेली होती. दुसरी निम्मी. माती पाहून कळत होतं की हे आजचं नाही. कालही केलं असणार, मी उठायच्या आत. उजाडलं की मोट काढून गवतात ठेवायची, पाय धुवायचे, घरी येऊन चुलीवर चहा ठेवायचा आणि जवाईबापू उठले का म्हणून विचारायचं. काल सकाळी मी सासऱ्यांना विचारलंही होतं की बैल थकलेले का दिसतात. "म्हातारे झाले," ते म्हणाले होते.

मी तिथं किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. परत जावं, पांघरुणात शिरावं, कुणाला काही कळणार नाही, असा विचार माझ्या मनात आला. एकदा नाही, दोनदा आला. एक पाऊल मी मागे घेतलंसुद्धा. मग बैल पुन्हा धावेला लागले आणि सासऱ्यांना ठसका लागला. खोकता खोकता ते बैलांच्या शेपटीशी वाकले, पण कासरा सोडला नाही.

टमरेल तिथंच ठेवून मी बाहेर आलो.

मला पाहून सासऱ्यांनी बैल थांबवले, आणि काय सांगू, चोरी माझी होती तर चोरासारखे ते दिसायला लागले. "काई नाई, काई नाई," ते म्हणाले. "बैलांचे पाय मोकळे करून राह्यलो. बसून बसून आखडते जनावर."

मी सरळ इंजिनाकडे गेलो आणि हँडल हातात घेतलं.

"अवो, जवाईबापू! ठेवा ते! अरे धर ना रे!" सासरे साळ्यावर ओरडले.

"नको," मी म्हणालो, आणि हँडल मारलं.

ते फिरलं. रहाट रिकामा फिरावा तसं फिरलं. मी लिव्हर पाडली; आता हाताला हिसका बसायला हवा होता, हवा आत कोंडून हँडल जड व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. लिव्हर पाडली काय, उचलली काय, सारखंच. इंजिनात दमच नव्हता. इतके दिवस सगळा गाव मला हेच सांगत होता, आणि मी ते कौतुक म्हणून ऐकत होतो.

"मामाजी, पहिले हे जड जाय काय?"

"जड म्हंजे," साळा म्हणाला, "दोघं लागत."

"मग सांगतलं काऊन नाई?"

साळा बापाकडे पाहायला लागला. सासऱ्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "आता जवायाले कसं सांगाचं," ते म्हणाले. "आमाले वाटलं, तुमी मुद्दाम केलं असन. नवीन काई निंगालं असन वर्ध्याले."

मी इंजिनाचं वरचं झाकण उघडून त्यात डोकं घातलं, कारण ते दुसरीकडे कुठं घालावं कळेना. व्हॉल मी इतके घासले होते की ते आपल्या जागेत खोल बसले होते, आणि त्यांना वरून दाबणारा दांडा आधीच्याच जागी कसून ठेवलेला. त्यामुळे व्हॉल कधी पुरते मिटतच नव्हते. दार किलकिलं ठेवून खोली गरम करत बसल्यासारखं. व्हॉल घासले की टॅपेटमध्ये, म्हणजे त्या दांड्यात आणि व्हॉलमध्ये, फट सोडा, हे वाक्य मी दुकानात फळीवरून सामान काढताना मिस्तरींच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. तेव्हा मी बिल फाडत होतो.

फट मोजायला काही नव्हतं. साळ्याला घरी पिटाळून माझी दाढीची दोन ब्लेडं मागवली. एकावर एक ठेवून मधे सरकवली, तेवढी फट राखून नट कसले. बोट कापलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. सासरे शेजारी उभे राहून "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते, पण या वेळी त्यांनी पाना काढून घेतला नाही.

मी हँडल धरलं. एकट्यानं अर्धा फेरा झाला आणि ते दगडावर आपटल्यासारखं थांबलं. जड! त्या जडपणाचा मला झालेला आनंद कुणाला सांगून पटायचा नाही. लिव्हर उचलली. सासरे समोर आले आणि त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवले. दोघांनी मिळून फिरवायला सुरुवात केली, त्यांचा दम आणि माझा दम एकमेकांच्या तोंडावर. साळ्यानं लिव्हर पाडली. एक ठोका. मग दुसरा. मग काळ्या धुराचा एक लोट माझ्या तोंडावर, आणि इंजिन सुरू.

पाणी दांडात आलं तेव्हा ऊन पडलं होतं.

नाल्याकडच्या ओळींना मात्र उशीर झाला. त्यांनी पानं टाकली होती. त्या वर्षी तिकडे फूल विरळ आलं आणि काही झाडांच्या शेंड्यांकडच्या डहाळ्या वाळल्या. सासऱ्यांनी त्या कापून टाकल्या आणि विषय काढला नाही. उलट इंजिन सुरू झालं त्याच दिवशी आष्टीच्या बाजारात भेटेल त्याला ते सांगत होते, "आमच्या जवायानं इंजिन नवं करून देल्लं." मी एकदा मधे बोलायला गेलो, "मामाजी, खरं म्हणजे मीच ते…" त्यांनी माझा हात धरून मला पानाच्या ठेल्याकडे नेलं. "पान खा," म्हणाले. ज्याच्यासमोर कबूल करायचं तोच कबूल करू देत नसेल तर माणसानं काय करावं? पान खाल्लं.

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली. मांडीवर तीळगुळाचा डबा, पायांच्या नखांत अजून बागेची माती. मी माझे काळे हात रुमालाखाली लपवून बसलो होतो. साबणानं ते निघाले नव्हते. शेवटी मीच म्हणालो, "तुले माझी लाज वाटली असन."

"वाटली," ती म्हणाली. "इंजिनाची नाई वाटली. थे तं बिघडतेच. तुमी पऱ्हाटीमांगं उभे होते ना, टमरेल घेऊन, मले दिसून राह्यले होते. एक पाय मांगं घेतला थेही दिसला. मी फावडं धरून उभी, पानी आळ्याभाईर चाल्लं, मले भान नाई. म्हटलं, आता हा मानूस घरी जाऊन झोपते का पुढं येते? तेवढ्या वेळात माही जे लाज झाली ना, थे मले माईत." मग तिनं डब्याचं झाकण उघडून एक लाडू माझ्या काळ्या हातावर ठेवला. "खा. आलेत ना पुढं."